नऊ वाजून वीस मिनिटं

फोन गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आला. सुदर्शन रामटेके भाकरी थापत होते. येरवड्याच्या त्या दोन खोल्यांत फोन इतका क्वचित वाजे, की पहिल्या दोन घंटा त्यांना शेजारच्याच वाटल्या.

"रामटेकेसाहेब, श्यामसुंदर बोत्रे बोलतोय. मला चोर ठरवलंय."

"कुणी?"

"अभयसाहेबांनी. तो त्यांचा अमेरिकेचा नवा रेडिओ निमकरांच्या घरातून गेलाय, आणि त्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. रविवारी संध्याकाळपर्यंत सेट मिळाला नाही तर पोलिसांत माझं नाव देणार म्हणतात. तीस वर्षं सदाशिव पेठेत लोक माझ्याकडे रेडिओ टाकून जातात. पावतीसुद्धा मागत नाहीत. एकदा पोलीस दुकानात आले की संपलं."

"पण मी काय करणार, बोत्रे?"

"तुम्ही बेवारस पत्रांचे मालक शोधायचात ना? तसंच शोधा."

रामटेक्यांनी टपाल खात्यात एकतीस वर्षं पत्ता न लागणारी पत्रं उलटीसुलटी करून पाहिली होती, हे खरं. पण पत्रं समोर बसून रागावत नाहीत. माणसांना प्रश्न विचारणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले. तव्यावरची भाकरी करपली होती.

त्यांच्या लहरी श्रोते मंडळात एकेकाळी बावीस जण होते. आता, दोन हजार चार सालच्या डिसेंबरात, तिघेच उरले होते: महिपती निमकर, अभय मोघे आणि रामटेके. लघुलहरींवर दूरदेशीची केंद्रं पकडायची, काय ऐकलं, किती स्पष्ट ऐकलं, किती वाजता ऐकलं ते केंद्राला पत्रानं कळवायचं. वेळ ग्रीनिचची लिहायची, नाहीतर समुद्रापलीकडच्या माणसाला काय बोध होणार? मग महिना-दीड महिन्यानं तिकडून रंगीत कार्ड यायचं. कुणी नवा सेट घेतला, की तो आठवडाभर एकेकाच्या घरी फिरायचा, आणि सेटबरोबर एक नोंदवही.

पण अलीकडे बैठकीत केंद्रांबद्दल कुणी बोलत नसे. कुठला सेट आला, त्याला बटणं किती, यावरच दोन तास जात. नोंदवही टेबलाच्या कोपऱ्यात पडून राही.

शुक्रवारी सकाळी रामटेके बोत्र्यांच्या दुकानात गेले. रेडिओ दुरुस्तीला कुणी येत नसल्यानं बोत्रे मोबाइलचे चार्जर विकायला लागले होते.

"गुरुवारी तुम्ही निमकरांकडे गेला होतात?"

"अकरा वाजता. अभयसाहेबांनीच पाठवलं होतं, सेट पॅक करायला. घंटा वाजवली, कुणी उघडलं नाही. परत आलो."

"किल्ली होती ना?"

"होती. पण ती तेवढ्यासाठी नाही दिलेली. मागच्या वर्षी निमकर न्हाणीघरात पडले. मुलगा कॅनडात. दोन तास तसेच पडून होते. तेव्हा किल्ली दिली. म्हणाले, दोन दिवस फोन उचलला नाही तर उघडून बघा."

"वॉचमननं तुमच्या हातात पिशवी पाहिली म्हणे."

"थर्माकोल होता तिच्यात. रिकाम्या हातानं पॅकिंग करतात का?" बोत्र्यांनी समोरचे चार्जर सरळ केले. "खोटं कशाला बोलू? त्या सेटचं झाकण उघडून आत बघायची फार इच्छा होती मला. सगळ्यांसमोर तसं बोललोही होतो. तेच आता अंगाशी आलंय."

"नोंदवही पाहिलीत कधी?"

"मी सेट दुरुस्त करतो, साहेब. ऐकायला वेळ कुणाला आहे?"

दुपारी दोनला रामटेके कोथरूडला निमकरांच्या सोसायटीत पोचले. दाराबाहेर तिसऱ्या मजल्यावर ते क्षणभर थांबले. आपलं हे काम नव्हे, असं त्यांना पुन्हा एकदा वाटलं. मग त्यांनी घंटा वाजवली.

"या रामटेके. चौकशी का?" निमकर म्हणाले. ते कारखान्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. बोलणंही पट्टीनं आखल्यासारखं. "चहा देणार नाही. दूध संपलंय."

"काल नेमकं काय झालं?"

"साडेनऊपर्यंत सेट ऐकत होतो. मग डॉक्टरांकडे गेलो. साडेबाराला परत आलो, तर टेबल रिकामं. कुलूप शाबूत. लगेच अभयला ऑफिसात फोन केला."

"आणि तो वजनदार ट्रान्सफॉर्मर?"

"तोही गेला."

"अमेरिकेचा एकशेदहा व्होल्टचा सेट त्याच्याशिवाय चालत नाही, हे चोराला माहीत होतं म्हणायचं."

"असेल. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

टेबलावर नोंदवही मात्र होती. रामटेक्यांनी ती उघडली. अभयच्या आठवड्याची पानं कोरी. पुढे निमकरांचं ठसठशीत अक्षर. वरची नोंद शनिवारची: '००५०. आवाज मध्यम. खाली दूधवाला आल्यामुळे दोन मिनिटं चुकली.' सर्वांत खालची काल गुरुवारची: '०९२०. प्रशांत महासागर, बेटावरचं केंद्र. आवाज स्वच्छ. बाईंनी दोन पत्रं वाचली.'

"ही शेवटची नोंद नऊ-वीसची आहे."

"मग? साडेनऊपर्यंत ऐकत होतो, सांगितलं ना."

भिंतीवर त्या बेटावरच्या केंद्राची कार्डं ओळीनं लावली होती. पहिल्याचा रंग उडून ते पांढरं पडलं होतं. खिडकीतून टेबलापर्यंत येणारी एरियलची तार मात्र दिसत नव्हती.

"तार काढलीत?"

"सेटच नाही, तार कशाला बघायची?" निमकरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन झाले होते. "निघा आता. मला झोपायचंय."

रामटेके उठले. दुपारची झोप ही दुकानदारांनी लावलेली खोड आहे, असं हेच निमकर वीस वर्षं बैठकीत सांगत आले होते.

खाली आवारात येऊन त्यांनी मान वर केली. गच्चीवरून उतरलेली काळी तार पुढच्या खिडकीत जात नव्हती. इमारतीला वळसा घालून ती मागच्या, झोपायच्या खोलीच्या झडपेत शिरली होती.

अभय मोघे संध्याकाळी उशिरा घरी भेटला. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, वय पस्तीस, घरात एकटाच. दिवाणखान्यात वाट काढत जावं लागे. भिंतीला टेकून एक परदेशी सायकल, टायरवर अजून रबराचे काटे. तीन पायांवर दुर्बीण, तोंडाला प्लास्टिक. कॅमेऱ्याच्या भिंगांचे खोके एकावर एक.

"काका, सिंपल केस आहे. किल्ली एकाकडेच होती."

"त्या सेटवर तुम्ही काय ऐकलंत, अभय?"

"मी? स्पेक्स चेक केले. डिस्प्ले बघितला. ऐकायचं राहूनच गेलं."

"आणि विकूनही टाकलात?"

"जानेवारीत पुढचं मॉडेल येतंय. बंगलोरचा एक बायर मिळाला. बुधवारी निमकरकाकांना फोन केला, उद्या बोत्रे येऊन पॅक करतील. ते म्हणाले, सोमवारी न्या की. मी म्हटलं, शुक्रवारचं कमिट केलंय. मग म्हणाले, बरं."

"सोमवारी का, हे विचारलंत?"

"नाही." अभयनं सायकलचा ब्रेक दाबून सोडला. "तुम्हाला वाटत असेल, हा एवढं सगळं घेतो कशाला. खोका आला की दोन दिवस बरं वाटतं, काका. तेवढंच."

रामटेके दुर्बिणीला वळसा घालून दाराकडे निघाले.

शनिवारी ते घरीच थांबले. आपला जुना व्हॉल्व्हचा सेट त्यांनी दोनदा लावला, एकदा सकाळी, एकदा दुपारी. मधल्या वेळात केंद्रांचं वर्षाचं वेळापत्रक काढून त्यातली एक ओळ तीनदा वाचली. संध्याकाळी निमकरांना एक पत्र लिहिलं आणि फाडलं. पत्र सोमवारी पोचलं असतं. बोत्र्यांकडे रविवारपर्यंतचीच वेळ होती.

रविवारी दोन वाजता चौघं निमकरांच्या दिवाणखान्यात बसले. बोत्रे दाराजवळच्या स्टुलावर, किल्ली मुठीत धरून.

"बोला काका," अभय म्हणाला. "मला पाचला चौकीत जायचंय."

रामटेक्यांनी घसा साफ केला. "माझं चुकत असेल तर सांगा. ही वही आपल्यापैकी कुणीच वाचली नाही. सगळ्यांनी सेट पाहिला. गुरुवारची शेवटची नोंद नऊ-वीसची आहे."

"मग? ते डॉक्टरकडे जायच्या आधीची."

"त्याआधीच्या शनिवारची नोंद बघा. शून्य पन्नास. रात्री बारा-पन्नासला दूधवाला येतो का?"

अभयनं वही ओढून घेतली. पाहिलं. त्याचा चेहरा बदलला.

"ग्रीनिच टाइम," तो म्हणाला.

"पुण्याच्या साडेपाच तास मागे. दूधवाला आला सकाळी सहा-वीसला. आणि गुरुवारचे नऊ-वीस म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन-पन्नास. सेट चोरीला गेल्याचा फोन तुम्हाला साडेबाराला आला होता. गेलेला सेट दोन-पन्नासला कुणी ऐकला?"

"गडबडीत लोकल टाइम लिहिला असेल."

"मलाही तसंच वाटलं. निमकर चाळीस वर्षांत चुकले नाहीत, पण माणूस आहे. म्हणून काल सकाळी नऊ-वीसला मी ते केंद्र लावलं. नुसती खरखर. दुपारी दोन-पन्नासला मात्र बाईंचा आवाज पुसटसा आला. वेळापत्रकात पाहिलं, तर ते केंद्र सुरूच होतं आपल्या दुपारी अडीचला. सकाळी ते कुणालाच ऐकू येणार नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "शुक्रवारी अडीच वाजत आले आणि निमकरांना एकदम झोप आली. एरियलची तार मागच्या खोलीत गेलीय. सेट या घराबाहेर गेलाच नाही."

खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं," शेवटी निमकर म्हणाले. "मग वाटलं, नऊ-वीस आकडा माझ्या सांगण्याशी जुळतोय, असू दे. खोडता आलं असतं. पण ऐकलेली नोंद मी कधी खोडलेली नाही."

"पण का, काका?"

निमकर भिंतीवरच्या कार्डांकडे बघत बोलले. "एकोणतीस वर्षं त्या केंद्राला पत्रं लिहितोय. त्या बाई पत्रं वाचतात तेव्हा म्हणतात, आमचे पूनाचे मित्र महिपती. या शहरात माझं नाव घेणारं आता कोण आहे? बँकेत टोकनचा नंबर पुकारतात. ते केंद्र आज बंद होतंय. शेवटच्या कार्यक्रमात जुन्या श्रोत्यांची नावं वाचणार आहेत. माझ्या जुन्या सेटवर सगळ्या बिल्डिंगचे कॉम्प्युटर घरघरतात. त्या बाई ऐकू येतात त्या याच सेटवर."

"मग मागायचंत ना!"

"मागितला. सोमवारपर्यंत."

"कारण नाही सांगितलंत."

"हे काय सांगण्यासारखं कारण आहे?"

बोत्रे उभे राहिले. "आणि मी?"

"आजचा दिवस झाला की सेट जिन्याखाली ठेवणार होतो. सापडला असता."

"आणि माझं नाव कुठं ठेवणार होतात?"

निमकर उठले. ते आत गेले. दिवाणाची फळी उचलल्याचा आवाज आला. सेट छातीशी धरून ते बाहेर आले. अभयनं तो घेतला, पुन्हा जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. अडीचला तीन मिनिटं कमी होती. सेट टेबलावर लागला, पण मागून ओढून आणलेली तार आखूड पडली. बाईंचा आवाज यायचा आणि बुडायचा.

बोत्र्यांनी तारेचं टोक उचललं, खिडकीबाहेर हात काढला आणि उंच धरलं. आवाज वर आला.

"तुमच्यासाठी नाही," ते निमकरांकडे न बघता म्हणाले. "सेट नीट लागलेला नसला की मला राहवत नाही."

नावं सुरू झाली. फिनलंडचं कुणी, ब्राझीलचं कुणी. बोत्र्यांनी हात बदलला. तीन वाजून अकरा मिनिटांनी 'पूना' ऐकू आलं, आणि त्यामागे 'महीपाटी'. इंग्रजी वळणानं, पण नीट, दोन्ही वेलांट्या लांबवून.

निमकर हलले नाहीत. कार्यक्रम संपून नुसता खळखळाट उरला, तेव्हा त्यांनी पेन उघडलं. '०९४१. आवाज स्वच्छ. केंद्र बंद.' शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं: 'सेट माझ्याच घरी होता. मी लपवला. बोत्रे यांचा दोष नाही.' खाली सही केली आणि वही अभयपुढे सरकवली.

"एवढा क्लिअर आहे हा?" अभय सेटकडे बघत पुटपुटला. मग वही वाचून उभा राहिला. "सॉरी, बोत्रे."

"दुकानात येऊन म्हणा. गिऱ्हाइकं असताना."

"येतो."

बोत्र्यांनी मुठीतली किल्ली वहीवर ठेवली. "ही आता माझ्याकडे नको," म्हणाले आणि चपला घालून जिना उतरले. पाठोपाठ अभय खोक्यात सेट भरून निघाला. या वेळी निमकरांनी सोमवारचं नाव काढलं नाही.

दोघंच उरले. टेबलावर सेटच्या जागी धुळीत चौकोन उमटला होता. निमकर किल्लीकडे बघत होते. ती कुणाला द्यावी, असा दुसरा माणूस त्यांना आठवत नसावा.

रामटेक्यांनी ती उचलून खिशात घातली.

"येरवड्याहून दोन बस बदलाव्या लागतात तुम्हाला," निमकर म्हणाले.

"रोज येणार नाही. फोन करीन. उचलला नाहीत तर येईन."

"किती वाजता कराल?"

रामटेक्यांनी वहीकडे पाहिलं. "दुपारी, दोन-पन्नासला. ती वेळ आता मोकळीच असेल तुमची."

निमकरांनी पेन पुन्हा उघडलं आणि वहीत नव्या ओळीवर लिहून घेतलं: ०९२०.