पालीचं शेपूट आणि बाबांची दोन बोटं

“आलं! शेपूट आलं रे!” इंद्रभान ओरडला आणि डालड्याच्या डब्यावर तिन्ही डोकी एकदम आदळली.

डब्याच्या तळाशी पाल बसली होती. सुट्टी लागली त्या दिवशी मांजराने तिचं शेपूट तोडलं होतं. आता तिथे काळपट, बोथट कोंब दिसत होता! भागिरथाने नाक मुरडलं. “म्हंजे तो वैद्य खरं बोलून राह्यला?”

शेपूट येऊ नये असं पंचफुलाला मनापासून वाटत होतं, आणि यावं असंही.

गेल्या हंगामात शेतमालक गुलाबरावांच्या मळणीयंत्राने तिच्या बाबांच्या, देवमनच्या, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याच्या कडेसकट नेलं होतं. काम भराभर उरकावं म्हणून गुलाबरावांनी यंत्राचं झाकण काढून ठेवलं होतं. बाबा गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिलची मिरवणूक त्यांच्या थापेशिवाय शिरपुरात पुढे सरकत नसे. यंदा ती ढोलकी खुंटीवरच राहिली.

आणि आता बाजारात पालीचं तेल विकणारा वैद्य आला होता. “पालीचं शेपूट येते, मंग माणसाचं बोट काहून नाई?” असं त्याचं म्हणणं. उद्या तो बाबांची भरलेली जखम वस्तऱ्याने पुन्हा उघडणार आणि आत तेल भरणार होता. त्यांना घेऊन जाणार होते खुद्द गुलाबराव!

“मले एक सांगा,” भागिरथा म्हणाली. “मागच्या बाजारात त्यानं तांड्यावरची बारकी झमकी उभी केली ना, ‘हिचं बोट माह्या तेलानं उगवलं’ म्हणून? ती बोलाले गेली का हा तिच्या तोंडात लेमनची गोळी कोंबे. चारदा कोंबली!”

“तिले गोळी आवडत असंन,” इंद्रभान म्हणाला.

“तुले आवडते म्हून जगाले आवडते काय रे?”

पण पंचफुला केव्हाच उठली होती. “चला तांड्यावर!”

तांड्यावर झमकीची आई धुरपताबाई बैलबंडीखाली बसून चाक पुसत होती. तेलाचं नाव काढताच ती खो खो हसली. “ते तेल? वास असा का पोरगी जवळ येऊ देईना! मंग बंडीच्या आखाले ओतलं. तवापासून चाक कुरकुरत नाई, येवढं खरं!”

“मंग झमकीचं बोट?”

“होळीच्या टायमाले इळ्यानं टोक गेलं होतं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं तसं उकळेल पाण्यानं धुतलं, साफ फडकं बांधलं. आपसूक आलं. बाजारात मी मोळ्या विकत बसली का पोरगी गोळीपायी त्या वैद्याकडं धावते.”

पाच वर्षांच्या झमकीने बोट नाचवून दाखवलं. नखासकट अख्खं!

तिघं तसेच धावत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “लहान लेकराच्या बोटाचं नुसतं टोक गेलं, नखाचं मूळ शाबूत राहिलं आणि जखम स्वच्छ ठेवली, तर टोक पुन्हा वाढतं. विलायतेतल्या डॉक्टरांनी अशी कितीतरी लेकरं पाहून हे लिहून ठेवलंय. माणसाचं यकृतही असंच भरून येतं. पण मोठ्या माणसाचं मुळापासून गेलेलं बोट येत नाही.”

“कधीच नाई?” पंचफुलाने विचारलं.

“पाल हे कसं करते, त्याचा शोध चालू आहे. एक दिवस कळेलही. तुझ्या बाबांच्या वेळेपर्यंत नाही कळायचं, पोरी. आणि ती जखम उघडली तर धनुर्वाताची भीती! मी त्यांना दोनदा सांगितलं. ते ऐकत नाहीत.”

घरी पंचफुलाने सगळं सांगून पाहिलं. बाबा नुसते हसले. “त्या लेकराचं बोट म्या या डोळ्यानं पाह्यलं, फुले. बंडीची गोष्ट कोनीबी सांगन.” कितीतरी महिन्यांनी ते असे हसले होते. ती उठून अंगणात आली; तिथे भागिरथा आणि इंद्रभान थांबले होते. आपल्या हातात काहीच नाही असं वाटून तिला रडू आलं.

“मंग झमकीच बोलली पायजे,” भागिरथा म्हणाली. “भर बाजारात!”

दुसऱ्या दिवशी वैद्याभोवती ही गर्दी! बाबा सतरंजीवर हात पुढे करून बसले होते. गुलाबराव त्यांच्या पाठीवर थोपटत होते. वस्तरा स्टोव्हच्या ज्योतीवर तापत होता.

वैद्याने झमकीला खोक्यावर उभं केलं. “पहा मंडळी! हे बोट कशानं आलं?”

झमकीने तोंड उघडलं. वैद्याचा हात चटकन गोळ्यांच्या पुडीकडे गेला. पुडी रिकामी! खोक्यामागे बसलेल्या इंद्रभानचे दोन्ही गाल टम्म फुगले होते!

“तेल तं आईनं बंडीले लावलं!” झमकी खणखणीत आवाजात म्हणाली. “मले गोळी दे!”

गर्दीत हशा पिकला. मोळ्या विकणारी धुरपताबाईही पुढे आली. “खरं हाय! चाक पहा माह्यं, कसं गुमान चालते!” वैद्याने बाटल्या गोळा केल्या आणि मालेगावची मोटार गाठली.

“शाब्बास, पोरीहो!” गुलाबराव सगळ्यांत मोठ्याने ओरडले. “गावाचं नाव काढलं!”

“आन् तुमच्या मशीनचं झाकण कवा बसवता, काका?” भागिरथाने विचारलं. गुलाबरावांचा चेहरा खर्रकन उतरला. चार म्हाताऱ्यांनी तिथेच त्यांच्याकडून उद्याचा वायदा घेतला आणि तिन्ही मुलांच्या पाठी थोपटल्या.

पंचफुलाला त्या शाबासकीची लाज वाटत होती. बाबा अजून सतरंजीवरच बसले होते, हात तसाच पुढे. बोटं देणं तिला जमण्यासारखं नव्हतंच. होती ती आशाही तिनेच काढून घेतली होती.

घरी जाताना बाबा म्हणाले, “त्या पालीचं शेपूट खरंच आलं?”

“आलं, बाबा.”

“सोडून दे तिले आता.” थोडं चालून त्यांनी पुन्हा विचारलं, “आन् माणसाचं कवा येईन म्हणे?”

“पन्नास वर्षं लागतीन. नाई तं शंभर. डॉक्टरीणबाईलेबी नाई माहीत.”

बाबा तेव्हाचं आपलं वय मोजू लागले. सवयीने त्यांनी अंगठा करंगळीकडे नेला. करंगळी नव्हती. अंगठा तिथेच अडखळला.

पंचफुलाने आपला हात पुढे केला. “याच्यावर मोजा, बाबा.”

बाबांनी मोजलं नाही. घर येईपर्यंत तो हात नुसता धरून ठेवला.