टेबलाखालची ओल

"अगं, जरा पातळ पसर. चूल सारवायची न्हाई आपल्याला," मुजीब टेबलाखालून म्हणाला.

"मंग तूच पसर की," बेबीनंदाने राखेचं घमेलं त्याच्याकडे ढकललं. "सगळी अक्कल तुलाच दिलीय देवानं."

धाकटी नसरीन दारात पहाऱ्याला होती. पहारा म्हणजे काय, तर बर्फाचा गोळा चोखायचा आणि आठवण झाली की रस्त्याकडे बघायचं. "जल्दी करा," ती म्हणाली. "संपतभाऊ चहाच्या टपरीवरून निघाले."

टेंभुर्णीच्या बाजारात इब्राहीममामूंचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. मुजीब आणि नसरीन हे त्यांचे भाचा-भाची, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेले. बेबीनंदा मागच्या गल्लीतली. मामू कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचे आणि स्टुडिओत संपतभाऊ कॉम्प्युटरवर लग्नाच्या सीडी बनवायचे. हा कॉम्प्युटर मोठा तालेवार. औरंगाबादहून जुनाच आणलेला, पण तो गार ठेवायला आत पाणी खेळवलं होतं. एक इवलीशी टाकी, एक पंप आणि पारदर्शक नळ्या. त्याची एक बाजू संपतभाऊ मुद्दाम उघडीच ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक दाखवायला.

आणि गेल्या आठवड्यापासून रोज दुपारी टेबलाखाली ओल दिसत होती. संपतभाऊंनी एका मिनिटात निकाल लावला. "ही बेबी माठातलं पाणी पिते आन् सांडते. आजपासून तिनं आत यायचं न्हाई."

बेबीनंदा रोज तिथे का येत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या ताईचं लग्न झालं. दिवाळीच्या आधी तिचे वडील, आबा, वारले. मग लग्नाची सीडी करून घ्यायचं घरात कुणाला सुचलं नाही आणि कॅमेऱ्यातल्या कॅसेटवर दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न उतरलं. आता चालते-बोलते आबा जगात एकाच ठिकाणी उरले होते, त्या कॉम्प्युटरच्या आत. ती रोज विचारायची आणि संपतभाऊ रोज म्हणायचे, "उद्या ये, काढून ठेवतो."

म्हणून तर ही राख. जेवायला जाताना संपतभाऊ काम चालू ठेवून, बाहेरून कुलूप लावून जायचे. बंद खोलीत ओल आली, तर बेबीवरचा आळ आपोआप उतरणार होता. तिघांनी टेबलाखाली राखेचा सारखा थर दिला आणि ती पसार झाली. संपतभाऊ आले, खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्याच मशीन कामाला लावलं आणि कुलूप घालून घरी गेले. राखेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तिघं समोरच्या ओट्यावर दाराकडे डोळे लावून बसली.

जेवून ढेकर देत संपतभाऊ परतले, तेव्हा तिघंही त्यांच्या पाठोपाठ आत शिरली.

राखेवर एकही पाऊल नव्हतं. आणि कॉम्प्युटरच्या बरोबर खाली एक ओला काळा डाग होता.

"भाऊ, बेबी काय उडत आल्ती?" नसरीनने विचारलं.

संपतभाऊ मान खाजवू लागले. मुजीबने बॅटरीचा उजेड आत टाकला. नळी जिथे टाकीला जोडली होती, तिथे पांढरी खरखरीत खपली धरली होती. तशीच खपली घरातल्या नळाच्या तोंडावर असते, हे तिघांनीही ओळखलं.

"भाऊ, ह्या टाकीत पाणी कोणतं टाकता?"

"कोणतं म्हंजे? मशीन इकणाऱ्या माणसानं दिलेली औषधाची बाटली संक्रांतीलाच संपली. मंग बोअरचं टाकून राह्यलो. खिडकीतल्या कूलरला चालतं, तर ह्याला काय धाड भरलीय?"

"बोअरचं?" मुजीबने कपाळाला हात लावला. "ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई ते? ट्रॅक्टरच्या बॅटरीत तरी टाकतं का कुणी? तिला दुकानातून वेगळं पाणी आणतात. ह्या क्षारानं जोड खाल्ला, भाऊ."

"बरं, बरं. संध्याकाळी बघू. हसनाबादची सीडी आजच द्यायचीय," संपतभाऊ म्हणाले. पण उगाच पोरीवर आळ घेतला, हे त्यांना लागलं असावं. त्यांनी बेबीनंदाला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "ये, आधी तुझे आबा बघ."

पडद्यावर मांडव आला. वाजंत्री, धूळ, वऱ्हाड. मग पांढरा फेटा सावरत आबा आले आणि बेबीनंदा खुर्चीत पुढे सरकली. किती दिवसांनी दिसत होते ते! आबांनी कुणाला तरी हात केला, बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिला बाजूला काहीतरी चमकलेलं दिसलं. त्या खपलीखाली पाण्याचा थेंब फुगत होता. इतके दिवस थेंब नळीवरून ओघळून खाली जात होते. हा मात्र नळी सोडून लोंबकळत होता, आतल्या बारीक दिवे लागलेल्या विजेच्या पाटीच्या नेमका वर.

तिने एकदा आबांकडे बघितलं. मग हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

पडदा काळा झाला. "अगं, हे काय केलंस?" संपतभाऊ ओरडले. थेंब टपकन पडला, पाटीवर पसरला. काही झालं नाही, कारण तिच्यात आता वीजच नव्हती.

"पाणी पडून राह्यलं होतं, भाऊ," बेबीनंदा रडत म्हणाली. "आबा आत हाईत ना."

संपतभाऊंनी वाकून पाटीवरचं पाणी बघितलं. मुजीबने मामूंना फोन लावला.

मामू आले, त्यांनी मशीन उघडलं, आतली डिस्क काढली आणि खिशातल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळली. ती कोरडी ठणठणीत होती. संपतभाऊंना ते एवढंच म्हणाले, "नवी नळी आन. आन् बॅटरीचं पाणी." मग त्यांनी मुजीब आणि नसरीनची पाठ थोपटली आणि बेबीनंदासमोर खाली बसले. "बेटा, इतकी वर्षं हे काम करतोय. पण आपला माणूस समोर दिसत असताना बटण दाबायला माझा हात धजला नसता."

संपतभाऊंनी खाली मान घालून तिला हात जोडले. "चुकलो गं बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. बेबीनंदाची आई उषाबाई आली, ताई सासरहून आली. आवाज संपतभाऊंनीच मोठा केला.

पुन्हा मांडव, पुन्हा फेटा. घरच्यांच्या फोटोसाठी सगळे नवरा-नवरीभोवती उभे राहिले होते. आबांनी हात वर केला आणि फोटोवाल्याला अडवलं.

"थांब रे. माझी बेबी कुठाय? ती आल्याबिगर न्हाई काढायचा."

त्या वेळी ती मांडवाच्या पलीकडे पंगतीत पाणी वाढत होती. तिला ही हाक ऐकूच आली नव्हती. आबा गर्दीत तिला शोधत राहिले, शोधता शोधता त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं.

"बेबे, ए बेबे!"

"आले, आबा," बेबीनंदा म्हणाली.