आजोबांनी सांगितलेला शेवट

ही घटना खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने जयपूरच्या विद्याधर नगरात जाऊन प्रतिमाला विचारावं, असं म्हणता आलं असतं. पण तिला विचारू नका. ती सगळं सांगेल, आणि मग तुमच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसेल.

गेल्या मे महिन्यातला दुसरा रविवार. दुपारचे साडेचार. जयपूरच्याच सी-स्कीम भागातला एक भाड्याचा हॉल.

भुतं रात्रीच येतात, असं समजणाऱ्यांनी ही वेळ नीट लक्षात ठेवावी.

तिथल्या मराठी मंडळाने सिनेमा दाखवला होता. पुढच्या काळातलं एक शहर, पाणी संपत आलेलं. साठीच्या पुढच्या माणसांना फाटकाबाहेर ठेवायचं, असा तिथला कायदा. एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या बापाला बाहेर बसवते, "पाणी घेऊन येते" म्हणते आणि आत निघून जाते.

परत येत नाही. सिनेमा तिथेच संपतो.

प्रतिमा बँकेत अधिकारी. मंडळाच्या पेजसाठी लोकांच्या प्रतिक्रिया मोबाइलवर घ्यायचं काम तिच्याकडे होतं. शेवट काय आहे ते तिला ठाऊक होतं; फाटकाचा प्रसंग सुरू झाला तशी ती उठून बाहेर आली होती.

तिला तो बघवला नाही. त्याला कारण होतं.

तिचे वडील शेषराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मूळचे अकोल्याचे. मंडळात त्यांचं एक ठरलेलं काम होतं. इथल्या पोरांना मराठी अर्धवट कळते. म्हणून नाटक असो, सिनेमा असो, शेषराव पोरांच्या रांगेत बसायचे आणि अवघड शब्द हळू आवाजात हिंदीतून समजावायचे.

मग त्यांना विसर पडायला लागला. घर आठवेना, बायको गेल्याचं आठवेना. दिवसभर एकच हाक, "प्रतिमा, तहान लागली व माय."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली. प्रतिमाने त्यांना पाळीवर, म्हणजे धरणाच्या बांधावर बसवलं आणि पाणी आणायला गेली.

परत आली तेव्हा पाळीवर कुणी नव्हतं.

पोलिसांनी धरण शोधलं, गाव शोधलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही. ती सगळ्यांना सांगत आली की दुकानात गर्दी होती. दुकानात गर्दी नव्हती.

तेव्हापासून तिचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. ते कुठेतरी असतील. एखाद्या आश्रमात, एखाद्या स्टेशनवर. जिवंत असतील.

तर, लोक बाहेर येऊ लागले. सगळ्यांचे डोळे लाल.

"कसा वाटला?" प्रतिमा विचारत होती.

मंडळातल्या यमुनाकाकू म्हणाल्या, "वाटायचं काय त्यात. आता घरी जाऊन आधी सुनेला फोन लावते." मंडळाचे सेक्रेटरी संभाजीराव तर डोळे पुसतच आले. हाताने नको नको केलं आणि भिंतीकडे वळले.

मग निनाद आला. दहा वर्षांचा. मागे त्याची सहा वर्षांची बहीण, तनया. या मुलांचे वडील त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्येच बदली होऊन जयपूरला आलेले; शेषरावांना मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"शेवट मस्त होता," निनाद म्हणाला. "ती मुलगी वापस येते ना."

प्रतिमा हसली. "परत नाही येत रे ती."

"येते. मतलब, मला समजलं नव्हतं. आजोबांनी हिंदीत सांगितलं."



"कोणते आजोबा?"

"माझ्या साइडला बसलेले."

ती धावतच हॉलमध्ये गेली. ते सापडले, एवढंच तिच्या मनात होतं.

हॉल रिकामा होता. निनादच्या शेजारची खुर्ची मोडकी होती. कुणी बसू नये म्हणून संभाजीरावांनी सकाळीच तिला दोरी बांधली होती.

दोरी तशीच होती...

ती बाहेर आली. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

"काय सांगितलं त्यांनी? सगळं सांग, बाळा."

"की ती मुलगी पाणी आणायला जाते आणि गाडीत बसून राहते. शीशा वर करते. गाणी लावते. मग वापस येते."

सिनेमात गाडी नव्हती. एकही नव्हती.

त्या दिवशी धरणावर प्रतिमा गाडीतच बसून राहिली होती. चाळीस मिनिटं. काच वर, गाणी चालू. ती हाक ऐकू येऊ नये, थोडा वेळ तरी येऊ नये म्हणून. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती तनयासमोर गुडघ्यांवर बसली.

"तुलाही दिसले आजोबा? कुठे गेले ते?"

"गेले नाहीत," तनया म्हणाली. "ते त्यांच्या मुलीला शोधतात. ती हरवली आहे ना."

"आत्ता कुठे आहेत?"

तनयाने बोट दाखवलं. प्रतिमाच्या अगदी शेजारी...

तिथे कुणी नव्हतं. पण त्या भर उन्हाळ्यात तिच्या डाव्या दंडावर काटा आला. फक्त डाव्या.

"त्यांना सांग," प्रतिमाला रडू आवरेना. "सांग त्यांना, मीच ती. मी आलेय. सांग ना गं."

तनयाने मान वर केली. बघत राहिली. कुणी बोलत असावं तशी मध्येच मान हलवली.

"नाही म्हणतात."

"काय नाही?"

"तुम्ही नाही. त्यांची मुलगी त्यांना सोडून जाणारी नाहीये."

एवढं बोलून ती भावाचा हात धरून निघून गेली.

ती क्लिप अजून प्रतिमाच्या मोबाइलमध्ये आहे. पेजवर टाकली नाही. त्यात दोन्ही मुलं दिसतात, त्यांचे आवाज स्पष्ट येतात. "सांग ना गं" आणि "नाही म्हणतात" यांच्या मध्ये मात्र सगळं शांत आहे. रस्त्यावरची एक ऑटोसुद्धा ऐकू येत नाही. असं का, ते कुणाला कळलेलं नाही.

ते जिवंत असतील, असं आता ती कधी म्हणत नाही. दर रविवारी कानोत्याला जाते, पाळीवर बसते आणि सहलीला आलेल्या प्रत्येक पोराला विचारते की इथे कुणी आजोबा दिसतात का.

अजून एकही पोरगं हो म्हणालेलं नाही.