उजव्या गालावरचा वारा

"दोन मिलिमीटरची रिबन द्या... खाकी. नाहीतर वाळलेल्या मेंदीसारखी हिरवी."

वर्ध्याच्या बाजारातल्या लेस-बटनांच्या दुकानात मी ब्लाऊजची हुकं निवडत उभी होते. मागून हा आवाज आला तेव्हा वाटलं, कुणाच्या बहिणीचं लग्न असेल. पण लग्नाला खाकी रिबन?

"इतकी बारीक कायले पाह्यजे, भाऊ?" दुकानदारानं विचारलं.

"सीट बेल्ट शिवाचे आहे."

"कोनत्या गाडीले?"

"हेलिकॉप्टरले."

मला हसू आलं. ओढणीचं टोक तोंडाशी नेलं तरी ते लपलं नाही. तो वळला. सावळा, किडकिडीत, आणि कानाच्या पाळीवर राखाडी रंगाचा एक वाळलेला ठिपका.

"हसा, हसा. माझी आई तर रडते," तो म्हणाला. "तिशी आली अन् पोरगा खेळणी करून राह्यला म्हणते."

त्याचं नाव आदेश. देवळीला त्याचं फोटो फ्रेमचं दुकान होतं, आणि उरलेल्या वेळात तो हुबेहूब छोटी विमानं, रणगाडे बनवायचा. आता हातात घेतलं होतं ते हवाई दलाचं हेलिकॉप्टर, पुरतं हातभर लांब.

"वडनेरकडच्या एका गावानं सांगतलं आहे," तो दुकानदाराला सांगत होता. "तीन वर्षांआधी पुरातून त्यायले हेलिकॉप्टरनं काढलं होतं. आता सव्वीस जानेवारीले त्यातलाच एक फौजी गावात येऊन राह्यला. त्याले भेट द्याची आहे."

माझ्या हातातली हुकं काउंटरवर सांडली.

"आमचंच गाव आहे ते," मी हळूच म्हणाले.

तो दुकानदाराला सोडून माझ्याकडे वळला. मग, देवळात गाभाऱ्याबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं, "म्हणजे... तुम्ही आतमध्ये बसल्या होत्या?"

मी मान हलवली.

"तुमचं नाव सुरभी तर नाई? मंग मले तुम्हीच पाह्यजे होत्या! बाहेरून तर फोटो पाहून कोणीही बनवते. आतलं चुकलं तर? तो माणूस रोज त्यातच बसते. त्याले एका नजरेत कळल, गावानं बाजारातून काहीतरी उचलून आणलं म्हणून. अन् गावात ज्याले विचारा तो म्हणते, सुरभीले विचारा, ती पायलटच्या मागंच बसली होती, तिनं सगळं पाह्यलं."

मी मान खाली घातली. त्यानं तो होकार समजला. आणि मी... मी तसं समजू दिलं.

शिवणक्लास चालवते म्हणून आठवडाभर मी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला मामांकडे असते, रविवारी गावी जाते. माझी पहाट ठरलेली. अंघोळ, दिवा, आणि माळ पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. पुरानंतर त्यात एक जास्तीची माळ आली. ज्या हातानं मला त्या घोंघावणाऱ्या दारातून आत ओढलं, त्या हातासाठी. नाव ठाऊक नव्हतं. मी 'तो हात' म्हणूनच जपायचे.

त्या आठवड्यापासून आदेश दर रविवारी गावात येऊ लागला. खांद्यावर पिशवी, पिशवीत वही, वहीत प्रश्न. खाली जमिनीवर कड्या किती होत्या? खिडक्या गोल की चौकोनी? शाळेच्या ओट्यावर तो बसला की निम्मं गाव गोळा व्हायचं.

"सीटा भगव्या होत्या," बंडूजी ठासून म्हणाले. ते गावात सगळ्यात वडीलधारे.

"भगवे तर आपल्याले घातलेले जाकीट होते, बंडूजी," पंचफुलामावशी म्हणाली. "तुमी सवताच्या पोटाकडं पाहून राह्यले होते."

"तू तं आत चढेवर बोंबलून राह्यली होती. तुले काय दिसलं?"

"मले देव दिसला!" मावशीनं हात जोडले. "म्होरं, पायलटपाशी. देवीआई होती माय माझी. मांगं गोल प्रभावळ, लखलख करे."

"देवी नाई, मारुती होता तो," बंडूजी म्हणाले. "गोल होतं म्हणजे हातातला डोंगर."

"नाई जी, महादेव!" मागून कुणीतरी ओरडलं.

आदेशनं पेन्सिल कानावर खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र हसून हसून ओले. "सुरभीजी, आता तुम्हीच सांगा. कोणता देव बसवू?"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. माझे कान गरम झाले. "आई बोलावते," म्हणून मी उठले.

तो मागोमाग आमच्या वांग्याच्या वाडीपर्यंत आला. कार्तिकातलं कोवळं ऊन, पानांवर दव. बाबा पलीकडे तोडणी करत होते. आदेश बांधावरच थांबला.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही..." मी एका पानावरचं दव बोटानं पुसलं. त्यानं घाई केली नाही. "आदेशजी, मी काहीच पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"शाळेच्या छतावरून मला पट्ट्यात बांधून वर घेतलं, तेव्हाच मी डोळे मिटले. उतरेपर्यंत उघडलेच नाहीत. नामस्मरण करत होते. गावानं आपल्या मनानं ठरवलं की सुरभीनं सगळं पाहिलं. मी गप्प राहिले, अन् ते खरंच होऊन बसलं."

मला वाटलं तो हसेल. नाहीतर वही मिटून निघून जाईल. पण तो त्या ओल्या बांधावर चक्क मांडी घालून बसला.

"मंग डोळे मिटून सांगा," तो म्हणाला.

"काय?"

"हाताले काय लागलं ते तर ठाऊक असल ना? आता मिटा. मी तिकडं पाहतो, लाजू नका." आणि खरंच त्यानं तोंड फिरवलं.

मी डोळे मिटले. आधी काहीच आलं नाही. मग बोटांना आठवू लागलं. "पट्टा... बाजेच्या नवारीसारखा विणलेला. कडेला जाड शिवण. बसायची जागा भिंतीला लागून, पाठ भिंतीला. पायाखाली गार लोखंड, अन् अंगठ्याला एक कडी रुतत होती. समोर दार. ते सरकवून लावलं तेव्हा मोठा वारा थांबला. पण..."

"पण?"

"एक बारीक वारा येत राहिला. उजव्या गालावर. मोठ्या आवाजात त्याचा वेगळाच आवाज होता, फर्रर्र असा. मला मळमळत होतं, जीव घाबरा झाला होता... त्या वाऱ्यानं बरं वाटलं. मी समजले, देवानंच फुंकर घातली."

डोळे उघडले तर तो माझ्याकडेच पाहत होता. तोंड फिरवून बसायचं वचन केव्हाच मोडलं होतं.

"पंखा!" तो उडालाच. "सुरभीजी, पंखा! या हेलिकॉप्टरमध्ये पायलटसाठी छोटे पंखे राहतात, मी फोटोत पाह्यले आहे. तुमच्या उजव्या हातालेच पायलट. पण फोटोत तर पंख्याचं तोंड पायलटकडं असते. तुमच्या गालावर वारा आला म्हणजे..." तो थांबला. "अन् मावशीले म्होरं गोल दिसलं. बंडूजीलेही गोल दिसलं. तोंड इकडं होतं म्हणूनच दिसलं! मांगून उजेड, समोर फिरणारी पाती. झाली प्रभावळ!"

"म्हणजे तीन देव..."

"एक पंखा."

आम्ही इतके हसलो की बाबांनी वाफ्यातून डोकं वर काढलं.

त्यानंतर पट्टे मी शिवले. दोन मिलिमीटरच्या रिबनला कडेनं बारीक टीप घालताना डोळ्यांत पाणी यायचं. तो समोर बसून चिमट्यानं बकलं लावायचा.

"तुमच्या टाक्यापुढं माझं काम ओबडधोबड दिसून राह्यलं."

"मग शिकून घ्या."

"क्लासात पोट्टे घेता का?"

"घेत नाही."

"काऊन?"

"गप्पा फार करतात."

मुगाच्या दाण्याएवढा पंखा तयार झाला, त्या दिवशी आदेश तो चिमट्यात धरून एकदा पुढे, एकदा मागे वळवून पाहत राहिला. मला त्याची भीती कळली. सगळे फोटो एका बाजूला, आणि डोळे मिटलेल्या बाईचा गाल दुसऱ्या बाजूला.

"फोटोप्रमाणे बसवा," मी म्हणाले. "माझं चुकलं असेल तर भेटीची शोभा होईल. नाव तुमचं जाईल."

"नाव जाऊ द्या." त्यानं पंखा मागे वळवून चिकटवला. "मी तुमच्या शब्दावर बसवला."

इतकंच. पण त्या दुपारी मला माझ्याच घरात कुठे पाहावं ते कळेना.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. पाहुणे आले होते ते वॉरंट ऑफिसर, कानाजवळ केस पिकलेले, फार कमी बोलणारे, धीरज नावाचे. बंडूजींनी हेलिकॉप्टरवरचं कापड बाजूला केलं. पाहुणे वाकले, खिशातून छोटी टॉर्च काढली आणि सरकत्या दारातून आत उजेड टाकला.

"अरे... फ्लोअर की रिंग भी," ते पुटपुटले. "बेल्ट भी." आदेशचा चेहरा उजळला. मग टॉर्च पुढे सरकली आणि थांबली. "बस, ये पंखा उल्टा लग गया. इसका मुँह पायलट की तरफ़ होता है."

शाळेच्या पटांगणात कुणीतरी मागे म्हणालं, "सुरभीनं तं सगळं पाह्यलं होतं ना?" बंडूजींची मान खाली गेली. आदेशला एका वाक्यात सुटता आलं असतं, हिनं सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "गलती मेरी है, सर."

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण त्याचं ते वाक्य ऐकलं आणि माझे पाय आपोआप पुढे गेले.

"गलती इनकी नहीं है," मी म्हणाले. मग गावाकडे वळले. "मी काही पाहिलं नव्हतं. डोळे मिटले होते मी. तीन वर्षं तुम्ही म्हणत होते अन् मी ऐकून घेत होते. पण वारा इकडेच येत होता, माझ्या उजव्या गालावर. ते मात्र खोटं नाही." आणि पाहुण्यांना तेच हिंदीत, अडखळत सांगितलं.

ते सरळ उभे राहिले. टॉर्च विझवायची विसरले.

"आप दरवाज़े के सामने बैठी थीं? आँखें बंद, होंठ हिल रहे थे?"

मी मान हलवली.

"पहली फेरी. आपको अंदर मैंने खींचा था." ते हळू बोलू लागले. "आपका चेहरा सफ़ेद पड़ गया था. मुझे लगा बेहोश हो जाएँगी. मैंने ही पायलट साहब का पंखा घुमा दिया था. वापस जाकर डाँट भी खाई." मग हसले. "मैं तो भूल ही गया था, बहनजी. तीन साल बाद मेरा पंखा मुझे यहाँ मिला."

तोच हात. टॉर्च धरलेला, नखाशी काळं तेल मुरलेला. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला अर्ध्यातच सावरलं, म्हणाले, बहिणी पाया पडत नाहीत. रोज पहाटे इतके शब्द सुचायचे, आणि समोर आल्यावर नुसतं पाणी डोळ्यांतून.

पंचफुलामावशी हेलिकॉप्टरजवळ गेली, दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "पंखा तं पंखा. पर फिरवला कोनं? देवीआईनंच ना?" तिच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत गेली. लोक पांगले. आदेश रिकामं खोकं स्कूटरला बांधत होता, आणि सुतळीची एकच गाठ चौथ्यांदा मारत होता.

"तुम्ही काऊन बोलल्या सगळ्यांसमोर?" त्यानं विचारलं.

"तुम्ही माझी चूक अंगावर का घेतली?"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला फक्त.

"काम झालं आता," तो सुतळीकडे बघत म्हणाला. "दर रविवारी यायचं कारण संपलं... मले दुसरं एक कारण सांगाचं होतं. पण ते हेलिकॉप्टरचं नाई. तुमचं आहे. म्हणजे, तुम्हाले पाहूनच रविवार उजाडते माझा. तुम्ही नाई म्हटलं तरी चालल. नाई, चालणार नाई, पण मी काही म्हणणार नाई."

शेतातल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. माझ्या मनात एवढं भरून आलं होतं, पुराबद्दलसुद्धा, त्या पाण्याबद्दलसुद्धा, की हसावं की रडावं ते समजेना.

"पुढच्या रविवारी बाबा घरी आहेत," मी म्हणाले. "आईले घेऊन येजा."

त्याच्या हातातली सुतळी सुटली. "सकाळीच येतो!"

"सकाळी नको. चतुर्थी आहे, माझा उपास असतो. संध्याकाळी या. चंद्र निघाल्यावर सोबत जेवू."

"पण चंद्र तर लय उशिरा निघते जी चतुर्थीले," तो काळजीनं म्हणाला. "तवरोक बसून राहा लागल."

"म्हणूनच तर म्हटलं," मी म्हणाले, आणि घराकडे वळले.