सोळावा फेरा

सोमवार. शेवटचा नळ. एक बादली : ९ मिनिटं

"नऊ मिनिटं!" प्रसेनजीतनं मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं. "मामी, एवढ्या वेळात आमच्या कुरुंदवाडात म्हैस धुऊन होते."

शालनमामी हसली नाही. तिच्या मागं मंगल कार्यालयातून आलेल्या चादरींचे गठ्ठे छताला टेकले होते. प्रसेनजीतला बिचाऱ्याला कालच सुट्टीला आल्यामुळं काही माहीत नव्हतं. मनालीला सगळं माहीत होतं, कारण शालन तिची आई.

कमानीच्या गल्लीत त्यांची लॉन्ड्री सगळ्यात शेवटी, म्हणून नळही शेवटचा. पाणी दिवसाआड, सकाळी सहा ते सात. दोन महिन्यांपूर्वी गल्लीत नवी जाड पाइपलाइन पडली, पेढे वाटले, आणि तेव्हापासून पाणी वाढायचं सोडून कमीच झालं. टँकर मागवला तर बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही आणि पांढऱ्या चादरी पिवळट पडतात. मागच्या लग्नात नवरीच्या मावशीनं तशी एक चादर सगळ्यांसमोर झटकून दाखवली होती. कार्यालयाच्या मॅनेजरनं त्या दिवशी शालनला सांगून टाकलं, की या शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशे चादरी पांढऱ्याशुभ्र मिळाल्या तर ठीक, नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

आणि काम गेलं तर? टेबलाच्या खणात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, कागलच्या एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या नोकरीचा अर्ज होता. निम्मा भरलेला. लॉन्ड्री बंद. मशिनं विकायची. हे आई बोलली नव्हती, पण मनालीनं तो अर्ज वाचला होता.

"कोणीतरी मोटर लावून पाणी ओढतंय," ती म्हणाली.

कोणीतरी म्हणजे कोण, हे सगळी गल्ली कुजबुजत होती. गल्लीच्या मधोमध अण्णासोंचं गाड्या धुवायचं सेंटर होतं. अडचण एकच. अण्णासोंचा मुलगा यशराज, तिच्याच वर्गातला, या क्षणी तिच्याच बादलीचा कान धरून उभा होता.

त्यानं बादली खाली ठेवली. "मोटर हाय आमची. लपवत न्हाई. बुधवारी बंद ठेवून दाखवतो. तरीबी पाणी आलं न्हाई तर काय करशील?"

"माफी मागीन."

"माफी नको. आठवडाभर माझी सायकल धू."

"कशानं?" प्रसेनजीतनं रिकाम्या नळाकडं बघत विचारलं. सात वाजले होते. नळ दोनदा खोकला, पाणी गेलं आणि भांडणही तिथंच थांबलं.

बुधवार. मनालीच्या वहीतलं पान

पहिला नळ, गल्लीच्या तोंडाशी. धोंडुबाईंची खानावळ. (मी.) ४ मिनिटं.

मधला नळ. अण्णासो. मोटर बंद. (यशराज.) ६ मिनिटं.

शेवटचा नळ. आई. (प्रसेनजीत.) ८ मिनिटं ४० सेकंद.

मोटर बंद करून वाचले २० सेकंद.

सायकल धुवावी लागणार.

तोच बुधवार, पायरीवर बसून

मनालीनं ते पान तीनदा वाचलं. मग यशराजला सॉरी म्हणाली. तो म्हणाला, सायकलीच्या घंटीपासून सुरुवात कर. अण्णासो मोटर लावूनही दर आठवड्याला टँकर घेत होते, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं. गल्लीला तो टँकर दिसत नव्हता, मोटरच दिसत होती.

"पण हे बघा," मनाली म्हणाली. "धोंडुबाईंच्या नळाच्या आधी एक घर न्हाई, एक मोटर न्हाई. तरी तिथं चार मिनिटं लागतात. चोर गल्लीत असता तर तिथं तरी धो धो यायला पाहिजे होतं."

धोंडुबाई तर महिनाभर कागदी ताटांत जेवण वाढत होत्या, कारण ताटं धुवायला पाणी नव्हतं. गिऱ्हाइकं रस्सा सांडत होती आणि दुसऱ्या खानावळीत जात होती.

म्हणजे पाणी गल्लीत शिरतानाच कमी होतं. आणि गल्लीत पाणी सोडतं कोण?

मनालीला सकाळी सहाचं दृश्य आठवलं. पाणी सोडणारे आकाराम काका सायकलवरून आले. त्यांनी रस्त्यातलं लोखंडी झाकण उचललं, आत वाकून व्हॉल्व्हवर माणसाएवढी लांब चावी बसवली आणि मोठ्यानं मोजत फिरवायला लागले. एक, दोन, तीन... पंधरा. मग चावी काढली, कपाळ पुसलं आणि गेले.

आत्ता सात वाजून गेले होते. काका शेजारच्या गल्लीत पाणी सोडायला गेले असतील. तिघंही पळत सुटले.

तिथंही काकांनी पंधरा फेरे दिले. पण मनालीचे डोळे त्यांच्या हातांवर होते. पंधराव्या फेऱ्याला चावी खटकन अडली. काकांनी अंगाचा भार टाकला तरी हलली नाही. आणि समोरच्या घरात एका आजीच्या हातातला पाइप सापासारखा उसळला.

सकाळी आपल्या गल्लीत चावी अडली नव्हती. पंधराव्या फेऱ्यालाही ती लोण्यातून फिरावी तशी फिरत होती.

"काका," मनालीनं विचारलं, "आमच्या गल्लीत सोळावा फेरा का देत न्हाई?"

आकाराम काका एकदम गंभीर झाले. पाच वर्षांपूर्वी, त्यांनी सांगितलं, त्यांच्या मदतनिसानं याच भागात सोळावा फेरा जोर लावून दिला होता. व्हॉल्व्हची दांडी मोडली. दोन दिवस रस्त्यावरून नदी वाहत होती. नोटीस आली ती काकांना. आणि हुकूम आला : पंधरा फेरे, वर एक न्हाई.

"पण आता नवी पाइप हाय की. व्हॉल्व्हबी नवा असंल," यशराज म्हणाला.

"असंल. पण हुकूम जुनाच हाय न्हवं? साहेबांनी सांगावं, मी फिरवतो. पोरांच्या सांगण्यावरनं फिरवायचं आणि परत नोटीस घ्यायची? रिटायर व्हायला आठ महिनं राहिल्यात माझं."

आणि त्यांनी आपली चावी खांद्यावर टाकली.

गुरुवार. बादली नाही, पाण्याचा दिवस नाही

पाण्याच्या ऑफिसात साहेबांनी वहीकडं पाहिलंही नाही. नवी लाइन टाकली आहे, काम पूर्ण झालं आहे, तसा अहवालही गेला आहे, असं त्यांनी सांगितलं. मग पाणी नाही असं कसं होईल? त्यांच्यामागं भिंतीवर त्यांचे सत्काराचे चार फोटो होते. शाल, नारळ, फेटा. फेट्यातले साहेब फारच खूश दिसत होते.

बाहेर आल्यावर यशराज दगडाला लाथ मारत होता. प्रसेनजीत म्हणत होता, उद्या शुक्रवार, नंतर रविवारीच पाणी, म्हणजे मामीचं काम गेलं. मनाली मात्र त्या फोटोंचाच विचार करत होती.

ती वळली आणि परत आत गेली.

"साहेब, आमच्या गल्लीला तुमचा सत्कार करायचाय. नव्या पाइपलाइनबद्दल. उद्या सकाळी सहाला, पाणी सुटताना."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

शुक्रवार. शेवटचा नळ. एक बादली, साहेबांच्या हस्ते :

फेटा अण्णासोंनी बांधला. असा घट्ट, की साहेबांच्या भुवया वर गेल्या. धोंडुबाईंनी ओवाळलं. आकाराम काका सहा वाजता पंधरा फेरे देऊन, सत्कार कुणाचा ते बघायला शेवटपर्यंत आले होते. सगळी गल्ली जमली होती.

मनालीनं हार घातलेली बादली नळाखाली ठेवली. साहेबांच्या हस्ते पहिली बादली भरायची आणि मग भाषण, असा कार्यक्रम तिनं जाहीर केला.

साहेबांनी नळ सोडला. फोटोसाठी हसले.

एक मिनिट. नळाची धार करंगळीएवढी.

दोन मिनिटं. साहेब अजून हसत होते, पण आता फक्त दातांनी.

तीन मिनिटं. प्रसेनजीत घड्याळ मोठ्यानं वाचत होता. शालन हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं चादरींचे गठ्ठे दिसत होते. साहेबांना तेही दिसले.

चार मिनिटं. फेट्याखालून घाम आला.

"आकाराम," साहेब हळूच म्हणाले, "किती फेरे दिलेस?"

"पंधरा, साहेब. हुकमाप्रमाणं."

"पंधरा?" साहेबांनी नळ तसाच सोडला. "अरे, नवा व्हॉल्व्ह मोठा आहे. त्याला अठ्ठावीस लागतात."

"मला कुणी सांगितलं?"

नव्या पाइपचे पेढे सगळ्यांना मिळाले होते. चावी फिरवणाऱ्यालाच तेवढं कुणी काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी नजर खाली नेली. "माझंच राहिलं," ते म्हणाले. "जा, पूर्ण उघड."

पण आकाराम काका हलले नाहीत. "लिहून द्या."

मनालीनं वही पुढं केली. शेवटच्या बादलीच्या नोंदीखाली साहेबांनी लिहिलं : *कमानीची गल्ली, अठ्ठावीस फेरे.* खाली सही केली. काकांनी ते पान नीट फाडलं, चार घड्या घालून टोपीत ठेवलं आणि गल्लीच्या तोंडाकडं निघाले. मागं अख्खी गल्ली.

काकांनी चावी बसवली. सगळे मिळून मोजायला लागले, सोळापासून.

"सोळा!"

दांडी मोडली नाही.

सतरा, अठरा... बाविसाव्या फेऱ्याला धोंडुबाईंच्या खानावळीतून भांडी पडल्याचा आवाज आला. नळाच्या धारेनं ताटांची चळतच उलथवली होती. अठ्ठाविसाला चावी खटकन अडली. आणि गल्लीच्या शेवटून प्रसेनजीतची आरोळी आली. तो एकटाच नळापाशी थांबला होता, आता नखशिखांत भिजलेला.

शनिवार, संध्याकाळ

अण्णासोंनी शुक्रवारी मोटर लावली नाही. उलट आपल्या टाकीतून लॉन्ड्रीपर्यंत पाइप ओढून दिला. पाणी अजून दिवसाआडच येणार होतं, पण साहेबांनी बाकीच्या नव्या लाइनींचे फेरे तपासायला घेतल्याचं आकाराम काका सांगत आले. येताना त्यांनी मनालीला आपली चावी उचलून बघायला दिली. तिला ती गुडघ्याच्या वर नेता आली नाही.

"एवढी जड?"

"पोरी, ही फिरवायला ताकद लागती," काका म्हणाले. "पण तू जे केलंस त्याला डोळं लागत्यात. तीस वर्षं फिरवतोय, मी एकदाबी विचारलं न्हाई, का म्हणून."

गच्चीवर दोनशे चादरी वाळत होत्या. कार्यालयाचा टेम्पो खाली उभा होता. मॅनेजरनं एक चादर उजेडात धरली, उलटसुलट केली, नाकाजवळ नेली आणि घडी करून टेम्पोत ठेवली. मग जाताना विचारलं, पुढच्या गुरुवारी तीनशे जमतील का?

शालननं हो म्हटलं. मग ती आत गेली. खण उघडल्याचा आवाज आला, मग कागद फाटल्याचा.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बादली होती. ती तिनं मनालीपुढं ठेवली, काठोकाठ भरलेली.

"जा," ती म्हणाली. "यशराज सायकल घेऊन उभा हाय."

रविवार. शेवटचा नळ. एक बादली : ४८ सेकंद