पॉन्टूनवरची चौथी खुर्ची

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर स्वतःच्या आईला कशाला मध्ये ओढलं असतं?

साल १९५८. कार्तिक संपून आठवडा झाला होता. रविवारची संध्याकाळ. जागा, बेंगळूरचं बेळ्ळंदूर तळं.

आज तिथं काचेच्या इमारती आहेत आणि तासन्‌तास न हलणाऱ्या गाड्या आहेत. तेव्हा काठाला भाताची शेतं होती, पाणी स्वच्छ होतं आणि संध्याकाळी माणूस औषधालाही सापडत नव्हता.

मी अजूनही त्या रस्त्यानं जाताना बसमध्ये मुद्दाम तळं दिसणार नाही त्या बाजूला बसते. भित्री म्हणा हवं तर. आधी वाचा, मग म्हणा.

माझी आई कस्तुराबाई तेव्हा वीस वर्षांची होती. माझे वडील मालोजी विमानाच्या कारखान्यात फिटर. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, म्हणून गोष्टीपुरतं दोघांना नावानंच म्हणते.

कस्तुराबाई मालोजीची दुसरी बायको. पहिली, सगुणाबाई, विषमज्वरानं गेली होती. तिची मुलगी अंबू पाच वर्षांची झाली होती.

कस्तुराबाई अंबूची वेणी घालायची, तिला भरवायची, रात्री कुशीत घेऊन निजायची. आठ महिने झाले होते. पण पोरीनं तिला एकदाही ‘आई’ म्हटलं नव्हतं.

आईच काय, काहीच म्हटलं नव्हतं. काही हवं असलं की नुसता पदर ओढायची.

कस्तुराबाईला हे फार लागायचं. ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी वाट बघायची. आज म्हणेल. आज तरी म्हणेल.

आता एक रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीवरच आलं.

आमच्या लोकांत दुसरेपणावर आलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो. मंगळसूत्राशेजारी चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. घरात नवं लुगडं आलं की ते आधी पहिलीच्या नावानं पाटावर ठेवायचं, काठाला कुंकू लावायचं, आणि मगच आपण नेसायचं. सासू गोजराबाईनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, “सवत मेली गं. तिचा मान नाही मेला.”

त्या रविवारी गोजराबाई लग्नाला कोलारला गेली होती.

मालोजीनं चिक्कपेटेच्या बाजारातून मोरपंखी रंगाचं नवं लुगडं आणलं होतं. पिराजी टांगेवाल्याचा जटका दाराशी येऊन उभा होता. घोडा फुरफुरत होता, मालोजी बाहेरून घाई करत होता. कस्तुराबाईनं लुगड्याकडं पाहिलं. भिंतीला टेकवलेल्या पाटाकडं पाहिलं.

आणि सरळ नेसून टाकलं.

टाकही गळ्यातून काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवला. पाण्यात पडला तर, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं कारण तिनं मला म्हातारपणी सांगितलं. “एक संध्याकाळ तरी मला एकटीलाच बायको व्हायचं होतं गं.”

तळ्यावर देवाप्पाचं पॉन्टून होतं. देवाप्पा निपाणीकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला. लढाई संपल्यावर लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यानं दोन लांबलचक लोखंडी पेट्या घेतल्या. आतून पोकळ, पाण्यावर तरंगणाऱ्या. त्या समांतर ठेवून वर फळ्या ठोकल्या, कठडा लावला, ताडपत्रीचं छप्पर केलं, आणि वेताच्या चार खुर्च्या मांडल्या. दोन डावीकडं, दोन उजवीकडं. एका वेळी एकच कुटुंब घ्यायचा. स्वतः मागे उभा राहून वल्हं मारायचा आणि कोडीपर्यंत, म्हणजे तळ्याच्या सांडव्यापर्यंत, फेरी मारून आणायचा. कारखान्यातल्या लोकांत त्याची मोठी हौस होती.

देवाप्पाची एक पद्धत होती. दोन्ही पेट्यांवर त्यानं पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती. माणसं बसली की दोन्हीकडं पाणी त्या रेघेला लागलं पाहिजे. नाही लागलं तर माणसं इकडची तिकडं बसवायचा. त्याशिवाय पॉन्टून सोडायचा नाही.

मालोजी चांगला धिप्पाड, म्हणून त्याला डावीकडं एकट्याला बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी. कस्तुराबाई आणि अंबू उजवीकडं. देवाप्पानं दोन्ही रेघा वाकून पाहिल्या.

“सरी. सारखं झालं बघा.”

पॉन्टून काठापासून सुटलं. पाच वाजून गेले होते. ऊन तिरपं झालं होतं, पाण्यावर बदकं होती. कस्तुराबाईला फार बरं वाटत होतं. मालोजी तिच्याकडं बघून हसत होता.

तेवढ्यात देवाप्पा मागून म्हणाला, “बाईंना आणायला दोन वर्षं लावलीत की, मालोजी अण्णा! दर वेळी म्हणायचात, बायकोला आणतो, तिचं मन आहे म्हणून.”

मालोजीचं हसू मावळलं.

कस्तुराबाईनं हळूच विचारलं, “मला का? आठ महिन्यांपूर्वी तर मी तुमच्या घरातही नव्हते.”

मालोजी पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “सगुणाला आणणार होतो. ती दर रविवारी म्हणायची, मी पुढच्या रविवारवर ढकलायचो. तापातसुद्धा विचारत होती, पॉन्टूनवर कधी जायचं?”



वल्ह्याचा आवाज येत होता. चुबुक… चुबुक…

आणि मग…

कर्रर्र.

जुन्या वेताच्या खुर्चीवर माणूस टेकलं की होतो, तो आवाज.

मालोजी हललाही नव्हता.

पॉन्टून डावीकडं कललं. थोडंसंच. देवाप्पानं वाकून पाहिलं. डावी रेघ पाण्याखाली गेली होती.

“अण्णा, स्वल्प मधे सरका.”

मालोजी उठून मधोमध उभा राहिला.

रेघ वर आली नाही.

“उजवीकडं जावा बघू.”

मालोजी उजवीकडं, कस्तुराबाईच्या मागे येऊन उभा राहिला. आता तिघंही एकाच बाजूला. डावीकडं दोन रिकाम्या खुर्च्या.

तरी पॉन्टून… डावीकडंच कललेलं.

देवाप्पाला वाटलं, डाव्या पेटीत पाणी शिरलं. त्यानं वल्ह्याच्या दांड्यानं पेटीवर ठोकलं. टण्ण… आवाज पोकळ होता. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

देवाप्पा लढाईवर जाऊन आलेला माणूस. पण तो दांडा हातात धरून त्या रिकाम्या खुर्च्यांकडंच बघत राहिला.

बदकं केव्हा उडून गेली, कुणालाच कळलं नव्हतं. कसलाच आवाज नव्हता. वल्हंही थांबलं होतं.

अंबूच्या ओच्यात भाजलेल्या शेंगा होत्या. ती तिच्या नादात त्यांचे वाटे करत होती. एक मूठ बाबांना. एक मूठ कस्तुराबाईला. एक स्वतःला.

मग चौथी मूठ घेऊन ती उठली…

आणि डावीकडं चालू लागली.

“अंबू! इकडं ये!”

पोरीनं मागं पाहिलं नाही. तिच्या पावलागणिक डावी बाजू खाली जात होती. फळ्यांवर पाणी चढलं. तिनं मूठ पहिल्यापासून रिकाम्या असलेल्या खुर्चीवर धरून उघडली. मग वळली, आणि लहान मूल मांडीवर बसतं तशी मागं रेलून बसली.

कस्तुराबाईनं जे पाहिलं ते ती मरेपर्यंत विसरली नाही.

अंबू खुर्चीवर टेकली नव्हती. तिच्याखाली वीतभर जागा मोकळी होती. त्या फटीतून पलीकडचं पाणी दिसत होतं.

कस्तुराबाई झेपावली तसा देवाप्पा ओरडला, “हलू नका! तिकडं कुणी बी गेलं तर उलटणार! पोर पहिली जाईल!”

ती जागच्या जागी थिजली. चार हातांवर पोर, आणि जाता येत नव्हतं.

अंबूच्या पायांना पाणी लागत होतं. ती मान मागं टाकून हसत होती. असं ती कस्तुराबाईच्या कुशीत कधीच हसली नव्हती. कस्तुराबाईला भीती वाटली, ती वाटलीच. पण त्याहून जास्त मत्सर वाटला. हे तिनंच मला सांगितलं, लपवलं नाही.

मग तिला काय सुचलं कोण जाणे. ती गुडघ्यांवर बसली. कपाळाचं ओलं कुंकू बोटानं पुसलं आणि नव्या लुगड्याच्या काठाला लावलं. पदर दोन्ही हातांनी त्या खुर्चीच्या दिशेनं पसरला.

“अक्का, चुकले मी. तुमचा टाक काढून ठेवला. तुमच्या आधी लुगडं नेसले. हे आधी तुमचं, मग माझं.”

कर्रर्र… खुर्ची वाजली.

“फेरीही तुमचीच. पुरी करून घ्या. पोर तेवढी माझ्याकडं राहू द्या. तिला आई लागते हो अजून.” कस्तुराबाई रडत होती. “तुम्हाला तिला बघावंसं वाटलं तर घरी येत जा. माझी ना नाही.”

मालोजी तोंड झाकून उभा होता. “देवाप्पा, माघारी घे,” तो कसाबसा म्हणाला.

“नाही,” कस्तुराबाई म्हणाली. “कोडीपर्यंत जायचं. ठरलं होतं तेवढं सगळं.”

देवाप्पानं वल्हं उचललं.

त्या कललेल्या पॉन्टूनवरून ते कोडीपर्यंत गेले आणि परत आले. सूर्य बुडाला. कस्तुराबाई पदर पसरून तशीच बसली होती, हाताला रग लागली तरी. मधूनमधून शेंग फुटल्याचा आवाज यायचा. कट्… कट्…

अंबूचे दोन्ही हात कठड्यावर होते.

काठ वीसेक हातांवर आला तेव्हा खुर्ची पुन्हा करकरली. या वेळी उठताना करकरते तशी. पॉन्टून हळूच सरळ झालं. अंबू ती वीतभर खाली आली आणि थप्पकन वेतावर बसली.

पांढरी रेघ पाण्याला लागली होती. दोन्हीकडं, सारखी.

अंबूनं डोळे चोळले. कस्तुराबाईकडं पाहिलं.

“आई, उतरायचं?”

आठ महिने जिची वाट पाहिली ती हाक. कस्तुराबाईनं पोरीला उचलून असं आवळलं की ती ओरडली. त्या क्षणी तिला ना भीती उरली होती, ना काही. ती सांगायची, तुझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मी एवढी रडले नव्हते.

उतरताना देवाप्पानं ती खुर्ची तिला दाखवली. बैठकीवर शेंगांची टरफलं होती. मूठभर. सगळी ओली.

त्यानं त्या दिवशी भाडं घेतलं नाही. चौथी खुर्चीही पॉन्टूनवर पुन्हा कधी ठेवली नाही, असं कारखान्यातले लोक सांगायचे.

इथं संपलं असतं तर मी ही गोष्ट आनंदानं सांगितली असती.

पिराजी जटका घेऊन थांबला होता. मालोजी आणि कस्तुराबाई मागं बसले, अंबू कस्तुराबाईच्या मांडीवर. घोडा चार पावलं चालला आणि थांबला. जटक्याची दांडी वर उचलली गेली होती. पिराजीनं मागं न बघताच सांगितलं, “अम्मा, स्वल्प पुढं सरका की. मागं भार हुतोय.”

ते पुढं सरकले.

“आणि स्वल्प.”

ते आणखी सरकले. आता पुढं सरकायला जागाच नव्हती.

“येताना असं नव्हतं,” पिराजी पुटपुटला.

कस्तुराबाईनं मालोजीकडं पाहिलं नाही. मागंही पाहिलं नाही. अंबूला घट्ट धरून ती घरापर्यंत समोर घोड्याच्या मानेकडं बघत राहिली. घरी शिरताना तिनं दार लगेच लावलं नाही. एक माणूस आत येईल एवढा वेळ उघडं धरलं. शब्द दिला होता ना.

मग करंड्यातून टाक काढून गळ्यात घातला. तो शेवटपर्यंत काढला नाही.

पुढं मी जन्मले. बाबा गेले. अंबूअक्कानं लग्न केलं नाही, मीही एकटीच राहिले. आई, अक्का आणि मी, आम्ही तिघी एका घरात राहत होतो. अक्का आईला अखेरपर्यंत आईच म्हणायची. तिचं दुखणंखुपणं तिनंच काढलं. दोघींची माया पाहून शेजारणी म्हणायच्या, सख्ख्या मायलेकीतही असं नसतं.

त्या फेरीतलं अक्काला काही आठवत नाही. मी दोनदा विचारून पाहिलं.

फक्त कार्तिक सरला, बाजारात नव्या शेंगा आल्या, की संध्याकाळी ती ताटात वाटे करते. आम्ही तिघी असायचो आणि वाटे चार असायचे. आई बघायची. चौथा वाटा स्वतःच्या हातानं खिडकीजवळच्या खुर्चीवर नेऊन ठेवायची.

गेल्या वर्षी आई गेली. तिच्या गळ्यातला टाक आता देव्हाऱ्यात आहे.

घरात आम्ही दोघीच आहोत. परवा शेंगा आणल्या. अक्कानं वाटे केले. मी मोजले.

चार.

 खिडकीजवळ दोन खुर्च्या ओढून ठेवल्या, त्यांवर दोन वाटे ठेवले आणि झोपायला गेले.

सकाळी दोन्ही खुर्च्यांवर टरफलं होती.