कोड एकवीस

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी भर लोकांत निसटून पडो, आणि ती उचलायलाही कुणी न येवो!

तर एक होती घड्याळवाली. पंचविशीची, डोळ्याला भिंग, जिभेला धार. बंद घड्याळ तिच्या हातात आलं की निमूट चालायला लागायचं. आसपासच्या बारा शाळांच्या मनोऱ्यांवरची घड्याळं दुरुस्त करायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. सोमवारी सुरुवात. पण शिडी न् अवजारं न्यायला गाडी हवी, आणि गाडी म्हणजे अंगणातली बाबांची म्हातारी. महिनाभर रुसून बसलेली. किल्ली फिरवली की नुसतं कण्हायची.

बाबांनी हात टेकले होते. "शनिवारी चारला भंगारवाल्याचा ट्रक येतोय. त्याआधी सुरू केलीस तर गाडी तुझी. नाहीतर रडायचं नाही."

शनिवारी तीनच्या सुमाराला घड्याळवाली गाडीत आडवी. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. या जुन्या गाड्यांचं एक बरं असतं, दुखणं त्या स्वतःच सांगतात. डॅशबोर्डखालच्या सॉकेटची दोन भोकं केसांच्या पिनेनं जोडायची, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची, की इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. हा कोडचा आकडा मोजा, गाडीच्या पुस्तकात शोधा, झालं! पण भोकं सैल, हात काढला की पिन निसटायची. म्हणून दिवा मोजायला ड्रायव्हरच्या जागी आत्याला बसवलं होतं. आणि आत्याचं न् आकड्यांचं जन्माचं वैर.

"आत्या, किती?"

"त्रेचाळीस."

"आत्ताच बारा म्हणालीस!"

"मग बारा धर."

"आत्या!"

"अगं, डोळे मिचकावतोय मेला सारखा. चांगल्या घरच्या बाईनं किती वेळ बघायचं?"

तेवढ्यात तिच्या पायांशेजारी दोन बूट येऊन थांबले. ऑइलनं माखलेले, एकाची नाडी सुटलेली.

"नमस्कार... गाडी न्यायला आलोय."

"चार वाजले?"

"तीन. मी जरा लवकर—"

"मग अजून तासभर गाडी आमची आहे. मोजता येतं तुम्हाला?"

"शंभरापर्यंत नक्की."

"बसा वर. आत्या, तू ऊठ."

आत्या अशी टुणकन उठली, की तिचे गुडघे दुखायचंच विसरले.

घड्याळवालीला खालून ना दिवा दिसत होता, ना त्याचा चेहरा. फक्त त्याची बोटं ऐकू येत होती. प्रत्येक लुकलुकीला तो स्टिअरिंगवर ठेका देत होता. टाऽक... टाऽक... टक. जन्मभर तिनं ठोके ऐकले होते, पण इतका नेमका हात?

"एकवीस," तो म्हणाला. "तीनदा मोजलं, तीनदा तेच. दिवा शब्दाचा पक्का दिसतोय."

ती बाहेर आली. गालावर काळा डाग, केस सुटलेले. त्याच्याकडे बघितलं, आणि घाईघाईनं पुस्तक उघडलं.

"उलटं धरलंय," तो हळूच म्हणाला.

"मला उलटंही वाचता येतं!" म्हणाली, पण सुलटं केलं. एकवीस – इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर.

"म्हणजे इंजिनाला वाटतंय, बाहेर कडाक्याची थंडी पडलीय," तो म्हणाला. "म्हणून पेट्रोल ओततंय, ओततंय... आणि स्वतःच त्यात बुडतंय."

"वेडंच आहे."

"वेडं नाही हो. त्याला खरं सांगणारं कुणी नाही."

बॉनेट उघडलं. सेन्सरच्या जोडात हिरवा गंज! तिनं घड्याळाचा बारीक ब्रश काढला न् नाजूक हातानं जोडातली एकेक पिन घासली. त्यानं पेट्रोलनं भिजलेले स्पार्क प्लग काढून कोरडे केले.

"भंगारवाल्याचा माणूस, आणि गाड्या जगवतो?"

"साहेबांना सांगू नका. मेलेल्या गाड्या ओढून कंटाळलोय."

आता जुना कोड पुसायला बॅटरीची तार पाच मिनिटं काढून ठेवायची होती. दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभी. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघतेय, तो तिच्याकडे.

"किती झाली?"

"दोन मिनिटं."

"तुमचं घड्याळ मागं पडत नाही का कधी?"

"माझं? शक्यच नाही!"

"आज पडलं तर... मला चालेल."

तिनं डोळे घड्याळावरच ठेवले. पण कान लाल झाले.

चारला पाच कमी. बाबा पायरीवर येऊन उभे. तिनं तार जोडली, किल्ली फिरवली. गाडी खोकली... पुन्हा खोकली... आणि अशी गरजली की छपरावरची कबुतरं उडाली! आत्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी ठोकली. बाबांनी दुसरी किल्ली खिशातून काढली न् मुकाट्यानं लेकीच्या हातावर ठेवली.

भंगारवाल्याचा माणूस रिकाम्या ट्रकमध्ये चढला. किल्ली फिरवली. टिक. पुन्हा टिक. गडी तासभर टपावरचा दिवा चालू ठेवून मोजत बसला होता, बॅटरी ठार!

"उतरू नका!" घड्याळवाली ओरडली. त्याचीच साखळी, त्याचाच हूक. पुढं भंगारात निघालेली म्हातारी, मागं तिला न्यायला आलेला ट्रक! अख्खी गल्ली खिडक्यांत लोटली. कोपऱ्यापर्यंत ओढल्यावर ट्रक गचका खाऊन सुरू झाला, आणि आरशात तिला त्याचे हेडलाइट दिसले. लांब... लांब... छोटा.

ती थांबली. उतरून त्याच्या खिडकीशी गेली. "एकवीस? ट्रकला काय झालं?"

"ट्रकला काही नाही. तापमान... माझंच वाढलंय. तीन वाजल्यापासून."

"मग पाच मिनिटं बॅटरी काढून ठेवा. पुसलं जाईल."

"पुसायचं नाहीये," तो म्हणाला.

ती हसली. साखळी सोडवायला वाकली, पण सोडवली नाही. "सोमवारी सात वाजता शिडी धरायला माणूस लागेल," ती म्हणाली. "लवकर आलात तरी चालेल."

बारा घड्याळं चालू झाली. शिडी अजून तोच धरतो, आता नवरा म्हणून.

सगळं खरं हं, ट्रक ओढला तेसुद्धा. फक्त एक गोष्ट मी रचली, कवळी सांभाळून सांगते. आत्याचं आकड्यांशी वैर वगैरे काही नव्हतं. एकतीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. पण पहिला आकडा चुकायच्या आधीच, समोरच्या काचेतून, तिनं त्याला ट्रकमधून उतरताना बघितलं होतं.